पुढचा ब्रेक कोणत्या हाती असावा?

सायकलच्या हँडलला डाव्या आणि उजव्या बाजूस ब्रेकचा एकेक लिव्हर असतो. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले, एकाच मापाचे. पाहणाऱ्याला त्यांत काही भेद दिसत नाही. रोज सायकल चालवणाऱ्यालाही, कोणता लिव्हर कोणते चाक रोखतो असे अचानक विचारले, तर क्षणभर थांबावे लागते. प्रत्यक्षात मात्र या दोहोंच्या कामात मोठा फरक आहे. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक सायकल जितक्या अंतरात थांबवतो, त्याच्या जवळपास दुप्पट अंतर मागच्या ब्रेकला लागते. उलट पुढचा ब्रेक नको त्या क्षणी करकचून दाबला गेला, तर चालक हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. मागचा तसा दाबला गेला, तर बहुतेक वेळा चाक फरफटते एवढेच. म्हणूनच पुढचा ब्रेक कोणत्या हाताच्या हवाली करावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी तसा नाही.

या प्रश्नाला जगाने एकच उत्तर दिलेले नाही. भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताकडे असतो. ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियातही तोच प्रघात आहे. अमेरिकेत आणि युरोप खंडातील बहुतेक देशांत मात्र पुढचा ब्रेक डाव्या हाताखाली येतो. गोव्यासारख्या राज्यात या दोन्ही रीती एकमेकींसमोर येतात. युरोपातून आलेला पाहुणा भाड्याची सायकल घेऊन दिवाडी किंवा चोडणच्या रस्त्यांवर फिरतो, परदेशात नोकरीला गेलेला गोमंतकीय तिकडची सायकल चालवतो, तर कोणी परदेशी बांधणीची सायकल घेऊन घरी येतो. अशा वेळी दोन रीतींमागील कारणे आणि त्यांच्या सरमिसळीतील धोका दोन्ही ठाऊक असणे हिताचे ठरते.

दोन चाके, दोन कामे

धावती बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. सायकलवरही तेच घडते. ब्रेक लागताच सायकल आणि चालक यांचा एकत्रित भार पुढच्या चाकाकडे सरकतो. पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. टायरची रस्त्यावरील पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. त्यामुळे ब्रेक जितका जोरात लागेल, तितकी पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची घटते. मागच्या ब्रेकची मर्यादा नेमकी येथे आहे: तो काम करू लागला की स्वतःच्याच चाकावरचा भार कमी करतो.

हा फरक आकड्यांत मांडता येतो. दोन्ही चाकांच्या टेकणबिंदूंत एक मीटर अंतर आहे, चालकासह सायकलचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकाच्या टेकणबिंदूच्या ६० सेंटिमीटर मागे आहे, असे धरू. रस्ता सपाट व कोरडा, घर्षणाचा गुणांक ०.८ आणि वेग ताशी २० किलोमीटर. या गृहीतांवर हिशेब केला तर केवळ मागच्या ब्रेकने सायकल थांबायला सुमारे सहा मीटर लागतात. केवळ पुढच्या ब्रेकने, तो पुरेपूर वापरला तर, सुमारे तीन मीटर पुरतात. धोका दिसल्यापासून बोटे लिव्हरवर आवळेपर्यंत जो वेळ जातो, तो यात धरलेला नाही. या वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते.

उतारावर हे अंतर आणखी वाढते. दहा मीटरला एक मीटर अशा उतारावर, वरील गृहीतेच कायम ठेवली, तर मागच्या ब्रेकला सहाऐवजी सुमारे दहा मीटर लागतात. पुढच्या ब्रेकला साडेतीन. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरून खाली येताना किंवा चोर्ला घाट उतरताना केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणे किती महागात पडू शकते, ते यावरून ध्यानात येईल. ज्याला आपण सवयीने मदतीचा ब्रेक समजतो, तो पुढचा ब्रेकच खरे तर मुख्य ब्रेक आहे. मागचा त्याचा साहाय्यक.

‘पालथा पडशील’ या धाकात तथ्य किती?

मग घरोघरी मुलांना पहिला धडा ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथा पडशील’ असाच का दिला जातो? या धाकामागे अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. मागचे चाक हलके होता होता एक क्षण असा येतो की त्याच्यावर भारच उरत नाही. त्यापुढे ब्रेक वाढवला तर मागचे चाक उचलले जाते आणि सायकल पुढच्या चाकाभोवती उलटते. वरच्या उदाहरणात ही मर्यादा पुढच्या ब्रेकच्या पुरेपूर वापरापाशीच येते. याचाच अर्थ असा की सर्वांत कमी अंतरात थांबण्याची जागा आणि पालथे पडण्याची जागा या दोन्ही एकमेकींना लागून आहेत.

तरीही अशा अपघातांत बऱ्याचदा सायकलपेक्षा चालकाचे शरीर आधी पुढे जाते. सायकलचा वेग कमी होतो, पण सैल हातांनी बसलेल्या चालकाचे शरीर त्याच वेगाने पुढे सरकत राहते. ते हँडलवर रेलते, गुरुत्वमध्य पुढे येतो आणि मागचे चाक आणखी लवकर उचलले जाते. ब्रेक लावतानाच हात ताठ रोवून शरीर सावरले, बैठक किंचित मागे सरकवली आणि लिव्हर झटक्याने न ओढता क्रमाक्रमाने आवळत नेला, तर हा धोका पुष्कळ घटतो. मुलांना पुढच्या ब्रेकची भीती घालण्यापेक्षा तो हळूहळू आवळायला शिकवणे अधिक उपयोगाचे. ज्या मुलाला पुढचा ब्रेक वापरण्याची सवयच नाही, ते एखाद्या दिवशी समोर गुरे आडवी आली की घाबरून दोन्ही लिव्हर एकदम आवळते, आणि ज्या ब्रेकची त्याला कधी ओळखच करून दिलेली नसते तो प्रथमच पूर्ण ताकदीने लागतो.

थोडक्यात, पुढचा ब्रेक हा ताकदवान आणि तितकाच नाजूकपणे हाताळण्याचा ब्रेक आहे. तो कोणत्या हाती असावा, याचा विचार येथून सुरू होतो.

रस्त्याची बाजू आणि हाताची खूण

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डावीकडे वळणे त्या मानाने सोपे. आपल्याच कडेने वळायचे असते. उजवीकडे वळताना मात्र मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत सरकून, समोरून येणाऱ्यांची रांग ओलांडावी लागते. म्हणून सायकलस्वाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे उजवा हात आडवा पसरून ‘मी उजवीकडे वळतो आहे’ हे मागच्यांना सांगणे. त्या वेळी हँडलवर फक्त डावा हात उरतो.

एका हाताने हँडल धरलेले असताना पुढचा ब्रेक जोरात लागणे विशेष धोक्याचे असते. शरीराचा पुढे येणारा सगळा भार त्या एकाच हातावर पडतो, हँडल एका अंगाला ढकलले जाते आणि चाक वळते. अशा क्षणी हँडलवर राहिलेल्या हाताकडे सौम्य ब्रेक असणे बरे. सौम्य म्हणजे मागचा. म्हणून डाव्या हाताकडे मागचा ब्रेक आणि खुणेसाठी मोकळ्या होणाऱ्या उजव्या हाताकडे पुढचा, ही मांडणी डावीकडून चालणाऱ्या देशांना सोयीची ठरते.

अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात. तेथे अवघड वळण डावीकडचे असते, खुणेसाठी डावा हात पसरला जातो आणि हँडलवर उजवा उरतो. त्या उजव्या हाताकडे मागचा ब्रेक, अर्थात पुढचा डाव्याकडे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन रीती अशा एकाच नियमातून निघतात: रहदारीच्या मध्याकडे पसरला जाणारा हात ज्या बाजूचा, त्या हाताकडे पुढचा ब्रेक.

गोव्यापुरता या हिशेबाला इतिहासाचा एक लहानसा धागा आहे. पोर्तुगालने १ जून १९२८ पासून आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे नेली. गोवा, मकाव आणि मोझांबिक येथे मात्र डावीच बाजू कायम राहिली, कारण या प्रदेशांच्या सीमेपलीकडील रस्ते डावीकडून चालत होते. गोव्याची सत्ता लिस्बनच्या हाती होती. रस्त्याची रीत मात्र सीमेपलीकडल्या बेळगाव आणि कारवारशी जुळलेली राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा येथील सायकलस्वारांना बाजू बदलावी लागली नाही, आणि त्यामुळे उजव्या हाताच्या खुणेचा हिशेबही बदलला नाही.

कायदे आणि प्रमाणके

काही देशांनी ही रीत कायद्यात लिहून ठेवली आहे. ब्रिटनच्या २०१० च्या पेडल सायकल सुरक्षा नियमांनुसार विक्रीस येणाऱ्या नव्या सायकलीवर हाताचे ब्रेक असतील, तर पुढचा ब्रेक उजव्या आणि मागचा डाव्या हाताकडे असला पाहिजे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७० च्या दशकात केलेल्या नियमांत नेमके उलटे आहे: मागचा उजव्या हाताकडे, पुढचा डाव्या. तेथे ग्राहकाने स्वतः मागणी केली तर बदल करण्याची मुभा आहे.

सायकलींच्या सुरक्षिततेविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक आयएसओ ४२१० याबाबत कोणाचीही बाजू घेत नाही. ज्या देशात सायकल विकली जाईल त्या देशाचा कायदा किंवा रूढी पाळावी, आणि कोणता लिव्हर कोणत्या ब्रेकचा आहे हे उत्पादकाने सूचनापत्रकात स्पष्ट सांगावे, एवढीच त्याची अपेक्षा. यातून एक गोष्ट उघड होते. पुढच्या ब्रेकसाठी अमुकच हात ‘योग्य’ असे निसर्गाने ठरवलेले नाही. जिथे जी रीत आहे, तिथे सर्वांनी तीच पाळावी यातच तिचे मोल आहे.

भारतातील रीत ब्रिटिश वळणाची असण्याला आणखीही एक कारण आहे. येथील सायकल उद्योग इंग्रजी बांधणीच्या काळ्या, भक्कम सायकलींवर उभा राहिला. मद्रासमध्ये १९४९ साली सुरू झालेली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ही कंपनी ब्रिटिश भागीदारीतूनच आली होती. त्या सायकलींचे ब्रेक तारेने नव्हे, तर लोखंडी सळ्यांनी ओढले जात. हँडलच्या उजव्या बाजूची सळई सरळ खाली पुढच्या चिमट्याकडे जाई आणि चाकाच्या रिमला आतल्या बाजूने रबराचे गुटके लावी. अशा सायकली आजही गावोगावी दिसतात, आणि त्यांचे हात बदलण्याचा विचारही कोणी करत नाही.

मोटरसायकल, स्कूटर आणि बळकट हात

उजव्या हाताच्या बाजूने दुसरेही एक कारण पुढे केले जाते. माणसांत दहांपैकी सुमारे नऊ जण उजवे असतात. पुढचा ब्रेक मुख्य आणि नाजूक असेल, तर तो अधिक बळकट आणि अधिक तरबेज हाताकडे द्यावा, हे ओघाने येते. अमेरिकेतील नामवंत सायकल तंत्रज्ञ शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी आपल्या देशाचा प्रघात वेगळा असूनही याच मताचा पुरस्कार केला होता. आजचे चांगले ब्रेक दोन बोटांनीही लागतात, त्यामुळे बळाचा मुद्दा पूर्वीइतका प्रबळ राहिलेला नाही. पण ब्रेक किती आवळायचा आणि कधी सैल करायचा, हे जोखण्याचे कौशल्य उरतेच.

याहून मोठे कारण मोटरसायकलचे आहे. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक जगभर उजव्या हाताकडे असतो; डाव्या हाताला क्लच सांभाळायचा असतो. अमेरिकेत सायकल आणि मोटरसायकल या बाबतीत एकमेकींच्या उलट आहेत. भारतात त्या एकमेकींशी जुळतात. येथे पायांच्या कामाची अदलाबदल झाली, हातांची नाही. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे असे, नव्या गाड्यांत ते उलटे झाले, आणि ज्यांनी दोन्ही चालवल्या त्यांना चुकून गिअरऐवजी ब्रेक दाबल्याचे अनुभव आहेत. त्या गोंधळाच्या काळातही पुढच्या ब्रेकचा उजवा हात मात्र ढळला नाही. दुचाकींची एवढी वर्दळ असलेल्या गोव्यात हे सातत्य फार मोलाचे आहे. सायकलवर शिकलेला हात पुढे स्कूटरवर जातो, आणि स्कूटरवर मुरलेला हात सुट्टीच्या दिवशी सायकलवर येतो.

डावऱ्या व्यक्तींनी काय करावे? फक्त स्वतःच वापरायची सायकल असेल तर ब्रेकची अदलाबदल करता येते. पण तीच व्यक्ती स्कूटरही चालवत असेल, किंवा सायकल घरातील इतरही चालवत असतील, तर रूढ मांडणी ठेवणेच शहाणपणाचे. सरावाने डावऱ्या व्यक्तीचा उजवा हातही ब्रेकपुरता तरबेज होतो.

सवयीचा फसवा आधार

संकटाच्या क्षणी माणूस विचार करून ब्रेक लावत नाही. बोटे आधी आवळतात, विचार मागून येतो. म्हणून पुढचा ब्रेक डावीकडे की उजवीकडे, यापेक्षाही तो आपल्या बोटांना ठाऊक असलेल्या जागी आहे की नाही, हा प्रश्न अधिक निकराचा ठरतो.

बिनगिअरच्या स्कूटरवर वाढलेल्या पिढीचे उदाहरण पाहावे. अशा स्कूटरवर अनेकांना केवळ डावा लिव्हर दाबण्याची सवय असते. देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस यांपैकी एक सोय बंधनकारक झाली. एकत्रित ब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. त्यामुळे डाव्या हातावरचा भरवसा आणखी वाढतो. हाच हात सायकलवर आला की दोनपैकी एक फसगत होते. भारतीय मांडणीच्या सायकलवर डावा लिव्हर फक्त मागचे चाक रोखतो. सायकल अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते. युरोपीय मांडणीच्या सायकलवर तोच डावा लिव्हर, त्याच बेफिकीर जोराने, पुढचे चाक एकदम रोखतो. ही दुसरी फसगत अधिक गंभीर.

युरोपातून आलेल्या पाहुण्याची अडचण याच्या उलट असते. त्याचा उजवा हात मागच्या ब्रेकला सरावलेला असतो. वळणावर वाळू दिसली, वेग थोडा उतरवावा म्हणून तो उजवा लिव्हर निःशंकपणे दाबतो, आणि वाळूवर पुढचे चाक अडकून घसरते. लिस्बनमध्ये किंवा आखाती देशांत गेलेल्या गोमंतकीयावरही हाच प्रसंग येऊ शकतो, फक्त हात बदलतात. तेथे रस्त्याची बाजूही वेगळी आणि सायकलचा हातही वेगळा असू शकतो. एकाच वेळी दोन सवयी मोडाव्या लागतात.

पाऊस, छत्री आणि पोदेराचा भोंगा

आतापर्यंतचा हिशेब कोरड्या रस्त्याचा होता. गोव्याचा पावसाळा चार महिन्यांचा. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक निम्म्यावर म्हणजे ०.४ वर आला असे धरले, तर वरच्याच वेगाला केवळ मागच्या ब्रेकने थांबायला नऊ मीटरांहून अधिक लागतात, केवळ पुढच्याने साडेपाच, आणि दोन्ही मिळून सुमारे चार. ओल्यात सायकल उलटण्याआधीच चाक घसरते. मागचे चाक घसरले तर सावरायला वाव असतो. पुढचे घसरले की सायकल अंगाखालून निघून जाते. म्हणून पावसात कोणत्याही एका ब्रेकवर भार न टाकता दोन्ही लवकर आणि हलकेच लावावेत. लोखंडी रिमच्या सायकलींवर तर ओल्या रिमवर रबर सुरुवातीला नुसतेच सरकते. थांबायच्या बरेच आधी ब्रेक अलगद टेकवून रिमवरचे पाणी पुसून काढावे लागते.

ज्या जागी जमीनच बेभरवशाची असते, तेथे पुढचा ब्रेक शक्यतो लावूच नये. फेरीबोटीवर चढताना-उतरतानाची लोखंडी फळी, रस्त्यावरचे रंगीत पट्टे, लाल मातीचा चिखल, काजू-आंब्याच्या झाडांखालचा कुजका पालापाचोळा, ही अशी ठिकाणे. वेग त्याआधीच उतरवून ती जागा सरळ रेषेत पार करावी.

पावसाळ्यात आणखी एक दृश्य नेहमीचे: एका हाती छत्री, दुसऱ्या हाती हँडल. छत्री उजव्या हाती असेल तर चालकाकडे फक्त मागचा ब्रेक उरतो आणि थांबण्याचे अंतर दुपटीच्या घरात जाते. डाव्या हाती असेल तर उरलेल्या एकाच हाताखाली पुढचा ब्रेक येतो, म्हणजे वर सांगितलेला धोका. दोन्हीपैकी कोणताही पर्याय चांगला नाही. छत्री मिटून रेनकोट घालणे हाच त्यावरचा उपाय.

सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोदेराची सायकल याच विषयाचे वेगळे अंग दाखवते. त्याची टोपली मागच्या कॅरिअरवर असते. मागे भार असल्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो, मागच्या चाकाची पकड वाढते आणि मागचा ब्रेक अधिक उपयोगी पडतो. पालथे पडण्याची भीतीही घटते. मात्र एकूण वजन वाढल्याने सायकल थांबवायला जोर अधिक लागतो. शिवाय त्याचा एक हात वरचेवर भोंग्याकडे जातो. भोंगा डाव्या बाजूला असेल तर पुढचा ब्रेक हाती राहतो, उजव्या बाजूला असेल तर मागचा. भोंगा, घंटी किंवा मोबाइल अडकवण्याची पकड हँडलच्या कोणत्या बाजूस बसवायची, हे ठरवताना हा विचार करायला हवा. याउलट लहान मुलाला पुढच्या दांडीवर बसवले तर भार पुढे येतो. अशा वेळी पुढचा ब्रेक अधिकच जपून लावावा लागतो.

प्रत्यक्षात काय करावे?

अनोळखी सायकल हाती आली, मग ती भाड्याची असो, शेजाऱ्याची असो वा नवी कोरी, बसण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. सायकलशेजारी उभे राहून एकच लिव्हर आवळावा आणि सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक उचलू लागले तर तो पुढचा ब्रेक. मागचे चाक न फिरता जमिनीवरून घासत गेले तर तो मागचा. या कामाला दहा सेकंद लागतात. त्यानंतर मोकळ्या जागेत, हळू वेगात, दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि मग एकत्र लावून पाहावेत.

सायकल परदेशी मांडणीची निघाली आणि ती गोव्यातच वापरायची असेल, तर ब्रेकचे हात बदलून घेणे इष्ट. तारेचे ब्रेक असतील तर हे काम सायकल दुरुस्तीच्या दुकानात सहज होते. तारांची लांबी पुरते ना, एवढे पाहावे लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये नळ्या काढून-जोडून आतील हवा काढावी लागते, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्यावे. घरात दोन सायकली असतील तर दोन्हींची मांडणी एकच असावी. बदल केल्यानंतर काही दिवस गर्दीच्या रस्त्यावर जाण्यापूर्वी हाताला नवी सवय लावून घ्यावी. आणि भाड्याने सायकल देणाऱ्याने पाहुण्याच्या हाती ती सोपवताना ‘उजवा पुढचा, डावा मागचा’ एवढे चार शब्द सांगावेत. कुलूप-किल्लीइतकीच तीही सूचना आवश्यक आहे.

वळणाची खूण देण्याबाबतही एक क्रम पाळण्याजोगा आहे. आधी मागे पाहावे, मग दोन्ही हातांनी ब्रेक लावून वेग उतरवावा, मग हात पसरून खूण द्यावी आणि वळण्यापूर्वी हात पुन्हा हँडलवर आणावा. असे केले तर एका हाताने जोरात ब्रेक लावण्याची वेळ सहसा येत नाही.

डावीकडून चालणाऱ्या, उजव्या हाताने खूण करणाऱ्या आणि दुचाकीवरही उजव्याच हाताने पुढचा ब्रेक लावणाऱ्या या प्रदेशात सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताकडे असणेच सर्व बाजूंनी सयुक्तिक आहे. लिस्बन किंवा न्यू यॉर्कमधील सायकलस्वाराला याच तर्काने डावा हात योग्य ठरेल, आणि तोही चुकत नसेल. चुकते ते एवढेच, की आपला ब्रेक कोणत्या हाती आहे हे माहीत नसताना सायकलवर बसणे.